अध्यक्षबाई बाकावर

४ फेब्रुवारी

अध्यक्षबाई भिंगरी यांस,

मामाचा आशीर्वाद. तो सगळ्यांच्या अभिनंदनाच्या आधीचा समजावा, पोस्टानं उशीर केला तर त्यात माझा दोष नाही.

सलूनमधल्या लांब्यानं फोन करून तुझ्या मामेबहिणीला बातमी दिली. तिनं ती माझ्या कानात ओरडून सांगितली, त्यामुळे वरच्या आणि खालच्या मजल्यालाही तुझी निवड लगेच कळली. माझे कान गेल्यापासून या घरात गुपित म्हणून काही उरलेलं नाही. म्हणून मी पत्र लिहितो. कागद ओरडत नाही.

भिंगरे, अंगावर मूठभर मांस चढलं बघ. तुझी आई बाजारात भाजी विकायची तेव्हा तू दिवसभर माझ्या सलूनमध्ये असायचीस. चालायला तिथंच शिकलीस. एका खुर्चीचा पाय सोडायचीस आणि दुसरीकडे धावायचीस, मध्ये गिऱ्हाईक आलं तर त्याच्या पायात. पुढं किल्ल्या करायचं दुकान काढलंस तेव्हा लोक म्हणाले, हे काय बाईचं काम आहे? आता त्याच लोकांनी तुला विभागाच्या किल्ल्या दिल्या. आपल्या घराण्यात खुर्ची पहिल्यापासूनच आहे म्हणा. फरक एवढाच, माझ्या खुर्चीत बसणाऱ्याचं डोकं मी धरायचो, तुझ्या खुर्चीत बसणाऱ्याचं लोक खाणार.

इथल्या बागेत आम्हा म्हाताऱ्यांची रोज संध्याकाळी मैफल असते. मी सांगून टाकलं की भाची महापौर झाली. आमच्यात एक वकील आहे, वकिली सुटली पण उलटतपासणी सुटली नाही. तो म्हणाला, महापौर शहराचा असतो, विभागाचा अध्यक्ष वेगळा. मी म्हटलं, कागदावर वेगळा असेल. पण तू नक्की कोण झालीस ते एकदा नीट लिहून पाठव. खोटं सांगायला माझी ना नाही, पकडलं जायला आहे.

आणि ऐक. गुडघा सुधारला की उन्हाळा संपता संपता मी परत येणार. तुझी मामेबहीण नाही म्हणते, तिला म्हणू दे. खिडकीजवळची माझी खुर्ची लांब्यानं चादर घालून तशीच ठेवली आहे, तो दुसरीवर काम करतो. शिष्य असावा तर असा, उंचीनं तेवढा कमी चालला असता. मी रोज दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं केली तरी पुरे. इथं अकराव्या मजल्यावर मला कुणी ओळखत नाही, भिंगरे. त्या खिडकीत बसलो की येणारा-जाणारा हात करतो. मला तेवढंच हवं आहे.

अक्षर वाकडं आलं आहे. पेन भिकार आहे.

तुझा,
मामा

१५ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, आणि तुझ्या बागेतल्या वकिलालाही माझा नमस्कार सांग. त्याचं बरोबर आहे. मी महापौर नाही.

आता नीट ऐक, म्हणजे परत पकडला जाणार नाहीस. शहराचे नऊ विभाग. आपला सगळ्यात लहान आणि शहराच्या अगदी पोटात. दोरी गल्ली, खोकी गल्ली, चष्म्यांची ओळ, भाजीबाजार आणि मधली माणसं, झाला विभाग. डॉक्टर म्हणतात, हे शहर आपल्या विभागात जन्मलं आणि कमवायला लागल्यावर आईला इथंच ठेवून बाहेर राहायला गेलं. दिवसा अख्खं शहर आपल्याकडे खरेदीला येतं आणि संध्याकाळी कचरा आपल्याला देऊन घरी जातं. तो कचरा माझा. तसेच रस्त्यावरचे दिवे, पदपथ, झाडं, वाचनालय, पाळणाघर, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि गल्ल्यांचे रस्ते माझे. पाणी, पोलीस, बस आणि मोठं रुग्णालय शहराचं. नळातलं पाणी शहराचं, पण नळ फुटून ते रस्त्यावर आलं की माझं. लोकांना ही वाटणी पटत नाही. माझ्या दुकानात किल्ली करायला येतात आणि बस उशिरा का आली ते मला विचारतात.

गल्ल्यागल्ल्यांतून एकेक सभासद विभागाच्या समितीवर निवडून येतो, आणि ते आपल्यातला एक अध्यक्ष करतात. यंदा मी. दोरीवाली आमच्यात सगळ्यात जुनी, बोलायला लागली की माप सोडते. डॉक्टरांना तू ओळखतोसच, उपाध्यक्ष ते आहेत. सचिवबाई निवडून आलेल्या नाहीत, त्या नोकरीवर आहेत, पण सगळे नियम त्यांना पाठ, म्हणून आम्ही सगळे त्यांना घाबरतो. सभागृह अग्निशमन केंद्राच्या डोक्यावर आहे. खाली भोंगा वाजला की बोलणारा थांबतो, आणि बंब बाहेर पडेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. मागच्या भिंतीला एक लांब बाक आहे. त्यावर विभागातला कुणीही येऊन बसावं, हात वर करावा आणि बोलावं. आमच्याइतकी बडबड दुसऱ्या कुठल्याच विभागात होत नाही, असं शहराचे अधिकारी वैतागून म्हणतात. मला त्याचा फार अभिमान आहे.

आता वाईट बातमी. ती तुला लांब्याकडून कळण्याआधी मीच सांगते.

आपल्या सलूनपाशी गल्ली वळते, तिथं अँब्युलन्स वळत नाही. गेल्या महिन्यात खोकी गल्लीतल्या शिंपीणबाईंना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. त्या वाचल्या, पण पुढचा माणूस वाचेलच असं नाही. अभियंत्यानं नकाशावर दोन रेघा मारल्या आहेत. कुठलीही एक घेतली तरी गाडी वळते. उजवी रेघ पाळणाघराची पुढची खोली कापते, मुलं दुपारी झोपतात ती. डावी तुझ्या सलूनचा कोपरा कापते. लांब्याची खुर्ची राहते. तुझी खुर्ची आणि खिडकी जाते.

पुढच्या महिन्यात सभेत निर्णय होईल.

तुझी,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र बागेत मोठ्यानं वाचून दाखवलं. बंब बाहेर पडेपर्यंत सगळे उभे राहतात, हे वकिलाला फार आवडलं. कचरा तुझा, ते मात्र मी गाळलं.

रेघांचा मजकूरही वाचला. आमच्या मैफलीतला एक जुना पोस्टमास्तर म्हणाला, आता काय हो? मी हसलो. म्हटलं, अध्यक्ष कोण आहे? पोस्टमास्तरानंही मग मान डोलावली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काही नवीन नाही, जग असंच चालतं. तो तुझा अभियंता, त्याच्याकडे खोडरबर असेलच की.

पाळणाघर समितीचंच आहे. कुणाला विचारायला नको, कुणाची मनधरणी नको. आणि मुलं काय, कुठंही झोपतात. तू माझ्या टॉवेलांच्या ढिगावर झोपायचीस.

हसण्यावारी नेलं, पण रात्री ते पत्र पुन्हा काढून बघितलं. भिंगरे, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. तुझ्या आईकडेही नाही. आता मागतो. ती खिडकी राहू दे. एवढंच कर.

मामा

५ मार्च

मामा,

पत्र मिळालं. सभा वीस तारखेला आहे. तोपर्यंत अध्यक्षानं या विषयावर कुणाला काही लिहायचं नसतं, त्यात मामाही आला.

सोबत चांगलं पेन पाठवते आहे. गुडघ्याचे व्यायाम कर, मामेबहिणीशी भांडण हा व्यायाम नव्हे.

भिंगरी

२६ मार्च

भिंगरे, माझ्या बाळा,

लांब्याचा फोन आला. मला सगळं कळलं.

भरसभेत तुला खुर्चीवरून उठवून बाकावर बसवलं. लांब्यानं दारातून आपल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. तू खाली मान घालून चालत गेलीस, आणि तो डॉक्टर तुझ्या खुर्चीत जाऊन बसला. डॉक्टर! ज्याच्या लग्नाच्या दिवशी मी त्याच्या गालावरचा फोड सांभाळून दाढी केली होती, तो! आणि दोरीवाली काय करत होती? तिचे तिन्ही पोरगे माझ्यासमोर भोकाड पसरून मोठे झाले. या सगळ्यांची आता बिनपाण्यानं करणार आहे मी. परवाच निघणार होतो, पण तुझ्या मामेबहिणीनं माझे बूट लपवले.

तू माझ्या खिडकीसाठी भांडली असणार. मला दिसतंय ना. मामाचं दुकान पडू देणार नाही म्हणाली असशील, आणि त्यांनी तुला खाली उतरवलं. माझ्या खुर्चीपायी तुझी खुर्ची गेली. तरी एक सांगतो, रागावू नकोस. वाईट वाटलं ते वाटलंच, पण आत कुठंतरी बरंही वाटलं. वकिलाला सांगितलं, माझ्या भाचीनं खुर्चीवर पाणी सोडलं पण मामाला सोडलं नाही. वकिलानं उलटा प्रश्न विचारला नाही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

पण हे मी तुझ्याकडून मागायला नको होतं. तू काय करतेस, कशी आहेस, ते लगेच लिही. पेन चांगलं आहे. अक्षराचं काय ते जाऊ दे.

तुझा,
मामा

२ एप्रिल

मामा,

मला कुणी उठवलं नाही. मी उठले.

आमच्या समितीत जुनी रीत आहे. विषय सभासदाच्या घरचा निघाला की त्यानं आपली जागा सोडायची आणि मागे लोकांच्या बाकावर जाऊन बसायचं. विषय संपेपर्यंत बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. त्याला आम्ही ‘बाकावर जाणं’ म्हणतो. त्यात कसला अपमान नाही, उलट जो जात नाही त्याला लोक वर्षभर टोचतात. दोरीवाली भावाच्या गोदामाच्या वेळी गेली होती, डॉक्टर दवाखान्याच्या पाटीच्या वेळी. लांब्या दारातून डोकावला, मला जाताना पाहिलं आणि गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून पळाला. अर्धं बघून पुरतं सांगायचं, हे तो तुझ्याच हाताखाली शिकला.

एवढंच असतं तर हे पत्र लिहायला मला आठवडा लागला नसता.

मी बाकावर बसले. डॉक्टरांनी खुर्ची घेतली. अभियंत्यानं नकाशा भिंतीवर लावला आणि दोन्ही रेघा दाखवल्या. मग दोरीवाली उठली. म्हणाली, ‘‘मामांनी निम्म्या विभागाच्या दाढ्या केल्या. त्या माणसाची खिडकी आपण कापायची? पाळणाघर आपलंच आहे, घ्या उजवी रेघ.’’ सगळ्यांच्या माना हलल्या. तुझ्यावरच्या मायेनंच हलल्या, मामा. तुला हे कळावं म्हणून सांगते, तिथं तुझा एकही शत्रू नव्हता. मी काहीही न करता, तोंड न उघडता, तुझी खिडकी वाचत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि रीतही तेच सांगत होती.

माझ्या शेजारी बाजारातली एक भाजीवाली बसली होती, मांडीवर पोर झोपलेलं. तिचं पोर पाळणाघरात असतं. ती बोलायला आली होती हे मला दिसत होतं. दोनदा हात उचलला आणि खाली घेतला. अध्यक्षांच्या मामाच्या विरोधात ती कशी बोलणार, तेही अध्यक्षांना खेटून बसून? तिनं पोराला मांडीवरून खांद्यावर घेतलं आणि जायला उठली.

मला आई आठवली. आई असती तर अशीच उठून गेली असती.

मी हात वर केला. सचिवबाई म्हणाल्या, ‘‘बाकावर गेलेल्या सभासदानं बोलायची रीत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘रीत राहू द्या. नियम काय म्हणतो?’’

‘‘नियम म्हणतो, बाकावरच्या कुठल्याही रहिवाशाला बोलता येतं. तुम्ही याच विभागात राहता ना?’’

‘‘जन्मापासून.’’

‘‘मग बोला.’’

मी जे बोलले ते तुला जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, ‘‘ते सलून माझ्या मामाचं आहे. मी तिथं वाढले, कारण तेव्हा पाळणाघर नव्हतं. माझ्या आईला भाऊ होता म्हणून तिचं निभावलं. जिला असा भाऊ नाही तिनं काय करायचं? तिच्यासाठी आपण पाळणाघर काढलं. डावी रेघ घ्या.’’

डॉक्टरांनी डावी रेघ मताला टाकली. मग हात वर झाले. दोरीवालीचा सगळ्यात शेवटी, डोळे पुसून.

तू खिडकी मागितली होतीस. वाचत असलेली खिडकी मी स्वतः उभी राहून घालवली. तू आजवर माझ्याकडे काही मागितलंस ते एवढंच, आणि मी ते दिलं नाही. त्या भाजीवालीकडे बघून मला अभिमान वाटला, आणि घरी आल्यावर जेवण गेलं नाही. दोन्ही खरं आहे.

तुला नोटीस येईल. मालक म्हणून तुला एक महिना हरकत घेता येते. हरकत घेतलीस तर काम थांबेल आणि प्रकरण शहराकडे जाईल, तिथं ते वर्षानुवर्षं पडून राहतं. तो तुझा हक्क आहे. मी एक शब्दही बोलणार नाही. सचिवबाईंच्या नावानं पाठवायची असते, माझ्या नाही.

तुझीच,
भिंगरी

२४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र नाही. मामेबहिणीला फोन केला तर म्हणाली, बाबा बागेत जात नाहीत, खिडकीत बसून असतात. तिनं फोन तुझ्या कानाला लावला होता म्हणे आणि तू मान हलवलीस. मला इथून काय दिसणार?

रागाव, शिव्या दे, पण लिही. लांब्याही माझ्याशी धड बोलत नाही. परवा त्याच्या कुलपाची किल्ली करून दिली तर ‘‘आभारी आहे, अध्यक्षबाई’’ म्हणाला. अध्यक्षबाई! लहानपणी मी त्याला शेंबड्या म्हणायचे.

भिंगरी

३ मे

भिंगरीस,

अक्षर बघून दचकू नकोस. हे पत्र तुझी मामेबहीण लिहिते आहे, मी सांगतो तसं, शिव्या गाळून.

माझा हात कापतो. गेल्या वर्षापासून. पेनाचं तुला खोटं सांगितलं. वस्तरा सोड, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. तेव्हा मी येऊन त्या खुर्चीवर काय दिवे लावणार होतो ते तूच समज. पण म्हणून तुझं काम सोपं झालं असं समजू नकोस. हात गेलेल्या माणसाला खुर्ची जास्तच लागते. हात चालत होता तेव्हा मी दुसरं दुकानही बघितलं असतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खूप चिडलो. तीन आठवडे चिडलेला होतो. बागेत काय तोंडानं जाऊ? भाचीनं मामासाठी खुर्ची सोडली म्हणून मिरवलं होतं. आता काय सांगू, की तिनं मामाचंच दुकान मागितलं?

नोटीस मिळाली. ठरावाची प्रतही मिळाली, ती चष्मा लावून अनेकदा वाचली. मग हरकत घेतली. सचिवबाईंच्या नावानं रजिस्टर पोस्टानं काल गेली. हरकतीत काय आहे ते सभेच्या आधी अध्यक्षांना सांगणं बरं दिसत नाही. हे नियम मी तुझ्याकडूनच शिकलो.

गुडघा बरा आहे.

मामा

(मी, मामेबहीण: बाबांनी हरकत मलाही दाखवली नाही. थरथरत्या हातानं दोन दिवस बसून स्वतः लिहिली. मी समजावायचा प्रयत्न केला गं. ते म्हणाले, मालक मी आहे की तू?)

१८ मे

मामा,

काल सभा झाली.

सचिवबाईंनी विषय पुकारला, ‘‘वळणाच्या ठरावावर मालकाची हरकत आली आहे.’’ सगळ्यांचे चेहरे उतरले. अभियंत्यानं नकाशाची गुंडाळी परत पिशवीत घातली. दोरीवाली पुटपुटली, ‘‘घ्या, आता शहराकडे जाणार, म्हणजे आपल्या नातवंडांच्या वेळी अँब्युलन्स वळणार.’’ मी उठले आणि बाकावर गेले. भाजीवाली आलीच होती. तिनं सरकून जागा दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटत होतं की खाली भोंगा वाजावा आणि सभा तिथंच थांबावी.

सचिवबाईंनी पाकीट फोडलं. तुझं अक्षर त्यांना लागेना, म्हणून डॉक्टरांनी उठून मदत केली. दोघांनी मिळून वाचलं. सभागृहात ज्यांनी ते ऐकलं त्यांना ते पाठ झालं आहे, आणि मलाही.

‘‘मी वळणावरच्या सलूनचा मालक. ठराव वाचला. माझी सक्त हरकत आहे, ती अशी. ठरावात लिहिलं आहे की अध्यक्षांचा या जागेशी कौटुंबिक संबंध असल्यानं त्या बाकावर गेल्या. कौटुंबिक संबंध म्हणजे काय? चुलत? मावस? लांबचा, नावापुरता? वाचणाऱ्याला काही कळत नाही. मी तिचा सख्खा मामा आहे. मामा असं लिहा.

‘‘दुसरं. ठरावात लिहिलं आहे की एका रहिवाशानं डाव्या रेघेची मागणी केली. हा एक रहिवासी कोण? तिला काय नाव नाही? ते नाव लिहा. पुढं कधी कुणी हा कागद वाचला तर त्याला समजलं पाहिजे की या विभागात अशी एक अध्यक्षबाई होती. तिनं खुर्ची सोडली, बाकावर जाऊन बसली, आणि तिथून उठून स्वतःच्या मामाच्या दुकानाचा कोपरा मागितला. आणि मामानं दिला, हेही लिहा.

‘‘एवढी दुरुस्ती करावी. कोपऱ्याबद्दल हरकत नाही. खिडकीची काच जुनी आणि चांगली आहे, ती पाळणाघराला बसवावी, म्हणजे मुलांना गाडी वळताना दिसेल.’’

डॉक्टरांना शेवटची ओळ वाचता आली नाही. अक्षर लागत होतं, तरी त्यांनी कागद सचिवबाईंकडे सरकवला. ती सचिवबाईंनी वाचली. नियमांशिवाय दुसरं काही त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. भाजीवालीनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. लांब्या या वेळी दारात शेवटपर्यंत थांबला होता, त्यामुळे तो आता तुला काय सांगेल ते खरं समज. सभा संपल्यावर तो जिन्यात म्हणाला, ‘‘शेंबडी कोण, कळलं आज.’’

सचिवबाईंनी विचारलं, ‘‘दुरुस्ती मंजूर?’’ सगळे हात एकदम वर गेले. त्यांनी मोजायचं असतं, पण मोजले नाहीत.

माझा हात त्यात नव्हता, मामा. बाकावर गेलेल्याला मत देता येत नाही. तुझ्या हरकतीला अख्ख्या सभागृहाचं मत पडलं, नाही पडलं ते माझं एकटीचं. मला तिथं बसून नुसतं रडता येत होतं. तेवढं केलं.

तुझी सख्खी भाची,
भिंगरी